नयनची ओळ

मनुका रात्रभर भिजून टम्म फुगल्या होत्या, आणि घरात त्यांच्याशिवाय दुसरं काहीही जागेवर नव्हतं. वर्तकनगरच्या त्या दोन खोल्यांत पाटोळ्यांनी शेहेचाळीस वर्षं काढली होती, आणि आता ती सगळी वर्षं खोक्यांत भरून भिंतीशी उभी होती. कपाटं रिकामी, पडदे उतरलेले, एसी काढून नेलेला. ओट्यावर फक्त ते मोठं पातेलं, आणि त्याच्या झाकणावर मंदाकिनीच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी: हात लावू नये.

प्रितमने सकाळपासून त्या चिठ्ठीची चारदा थट्टा केली होती. आई, टॉवरमध्ये जाताना पातेलं मांडीवर घेऊन बसणार का, असं विचारून झालं होतं. मंदाकिनी हसली नाही. एरवी हसली असती, मुलाची थट्टा तिला आवडायची. पण आज शनिवार होता, आणि महिन्याचा पहिला रविवार उद्यावर आला होता.

पहिल्या रविवारी मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, प्रभुभोजन. त्याचा द्राक्षरस पस्तीस वर्षं पाटोळ्यांच्या घरून जायचा. बाजारची बाटली तिने कधी वेदीपाशी जाऊ दिली नाही. शुक्रवारी काळ्या मनुका भिजवायच्या, शनिवारी उकळून, कुस्करून मलमलीतून पिळायच्या, थोडी साखर घालायची आणि संध्याकाळी तयारीच्या उपासनेला जाताना बरणी बरोबर न्यायची. तयारीच्या उपासनेत गाणी कमी आणि शांतता जास्त. पाळकसाहेब सगळ्यांना पाच मिनिटं गप्प बसवतात आणि ज्याने त्याने आपापलं मन तपासायचं, कुणाशी वाकडं असेल तर उद्याच्या आत सरळ करून यायचं. निदान रीत तरी तशी. पाच मिनिटांत बहुतेकांना डुलकी लागते, ते सोडा.

पिळायचं काम कांताचं. कांता म्हणजे मंदाकिनीची धाकटी जाऊ, दीर प्रेमची बायको. दर महिन्याच्या त्या शनिवारी ती कोपरहून यायची, पदर खोचायची, आणि मलमलीला असा पीळ द्यायची की चोथा कोरडा पडायचा. गेल्या वर्षी ऑक्टोबरात प्रेम गेला. तेव्हापासून कांता आली नव्हती. फोन उचलत नव्हती. डोंबिवलीतच कुठल्याशा मंडळीत जाते म्हणे, एवढंच कानावर होतं. प्रितमच्या मते काकी दुःखाने विक्षिप्त झाली होती. शुभदाच्या, म्हणजे सुनेच्या मते, कोपरच्या जागेवरून काहीतरी बिनसलं असावं. दोघंही चुकत होते, आणि खरं काय ते एकट्या मंदाकिनीला ठाऊक होतं.

"आजी, तू गेल्या महिन्यात पण घेतलं नाहीस ना?"

सान्वी खोक्याला चिकटपट्टी लावता लावता सहज विचारून गेली. एकोणीस वर्षांची पोर, तोंडात पट्टीचं टोक, केस विस्कटलेले. मंदाकिनीने काय ते विचारलं नाही. तिला कळलं होतं. पुढच्या बाकावर कडेची जागा तिची. ताट तिच्याकडे यायचं, ती मान खाली घालायची, आणि इवल्याशा पेल्यांचं ते ताट तसंच पुढे सरकवायची. बारा महिने. स्वतः पिळलेला रस साऱ्या मंडळीला पाजून स्वतः कोरड्या ओठांनी घरी यायची. पाळकसाहेबांच्या लक्षात आलं नव्हतं, आणि या पोरीच्या आलं होतं.

"घरचं शास्त्र कुठंय?" तिने विचारलं.

सान्वीने खोक्यांच्या थप्पीकडे बोट दाखवलं. वर प्रितमने मार्करने लिहिलं होतं: पुस्तकं, आईची बेडरूम.

"काढ बाहेर."

खोकं फोडण्याचा आवाज ऐकून प्रितम आतून आला, त्याच्या मागे शुभदा. काळ्या पुठ्ठ्याचं जाडजूड पवित्र शास्त्र मंदाकिनीच्या मांडीवर होतं. जुन्या आणि नव्या कराराच्या मधली ती चार पानं उघडी. नाव, जन्म, बाप्तिस्मा, विवाह, मरण, असे छापील रकाने, आणि त्यांत पाटोळ्यांच्या चार पिढ्या. सासूबाईंनी लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी ती पानं तिच्या स्वाधीन केली होती. तुझं अक्षर चांगलं आहे, आता घरात आलेला गेलेला तू लिहायचा, असं म्हणाल्या होत्या. केवढा मान वाटला होता तिला.

आणि त्याच पानावर तिने पाप केलं होतं. दुसरा शब्द तिला सापडत नव्हता, आणि तिने पुष्कळ शोधला होता.

अठ्ठ्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत कांताला पहिली मुलगी झाली. नाव नयन ठेवलं. बाप्तिस्मा ईस्टरला करायचं ठरलं, पण पोर नऊ दिवस जगली. मंदाकिनीला तेव्हा सहावा महिना होता. कांता ओली बाळंतीण, छाती दुधाने ठणकत असलेली, तिने एवढंच विचारलं होतं: आक्का, नयनचं नाव लिहिलंत ना? आणि मंदाकिनी म्हणाली होती, हो, लिहिलं.

लिहिलं नव्हतं. पेन हातात घेतलं होतं, पण पोटातलं मूल हललं आणि हात थांबला. मेलेल्या लेकराच्या नावाखाली आपल्या लेकराचं नाव कसं लिहू, हा विचार मनात आला आणि तिथेच ठाण मांडून बसला. उद्या लिहू म्हणाली. मग स्वतःला समजावलं की बाप्तिस्मा न झालेल्याचं नाव लिहायचं नसतंच. असा नियम तिला कुणी सांगितला नव्हता. मेमध्ये प्रितम झाला, आणि त्या मोकळ्या ओळीवर तिने त्याचं नाव लिहून टाकलं.

शेहेचाळीस वर्षं कांताने ते पान पाहिलं नाही. आक्काने सांगितलंय म्हणजे लिहिलंय, एवढा तिचा विश्वास. प्रेमला माती देऊन सगळे इथे चहाला आले, तेव्हा तिने प्रथमच शास्त्र मागून घेतलं. नवऱ्याचं आणि लेकीचं नाव एकाच पानावर आहे, त्यावर हात ठेवायचा असेल बिचारीला. तिचं बोट ओळींवरून खाली गेलं, पुन्हा वर आलं, पुन्हा खाली गेलं. मग तिने शास्त्र मिटलं, चपला घातल्या आणि कुणाशी न बोलता जिना उतरली.

"मला कोपरला जायचंय. आत्ता," मंदाकिनी म्हणाली.

मग जे व्हायचं ते झालं. प्रितमने कपाळाला हात लावला. ट्रक दोन वाजता येणार होता, त्याने सुट्टी टाकलेली, बाळकुमच्या नव्या सोसायटीने सामानाची लिफ्ट फक्त आजच्या दिवसापुरती दिलेली. मार्चमध्ये आईच्या हृदयात दोन स्टेंट बसले होते आणि डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली होती. त्यासाठी तर हा सगळा खटाटोप. बाराव्या मजल्यावर तिला स्वतंत्र खोली, खोलीला बाथरूम, बाथरूमला धरायचे दांडे. पोराने कर्जाचा डोंगर डोक्यावर घेतला होता तो आईला आराम मिळावा म्हणून, आणि आई निघाली होती काकीचे तीन मजले चढायला. काकीच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, हे त्याने दोनदा सांगितलं. जायचंच तर सोमवारी जाऊ, म्हणाला.

"सोमवारी नाही. उद्या भोजन आहे."

"आई, भोजन पुढच्या महिन्यातही आहे."

"ते तू मला लिहून देतोस?"

मंदाकिनीने शास्त्र मिटून छातीशी धरलं. आवाज चढवणं तिच्या स्वभावात नव्हतं. चाळीस वर्षं मिशनच्या शाळेत शिकवताना जो समजावणीचा सूर लावला होता, तोच लावला.

"मार्चमध्ये देवाने एकदा दार वाजवलं, प्रितम. तुम्ही धावपळ केलीत, मी परत आले. पुन्हा वाजवलं तर मी काय सांगू? तयार नव्हते, एसी बसवत होते म्हणून? तुझं घर सुंदर आहे रे. मला त्या घरात जायचंय. पण हे ओझं घेऊन मी त्या लिफ्टमध्ये पाय ठेवणार नाही."

कसलं ओझं, ते तिने सांगितलं नाही. ते आधी कांताला सांगायचं होतं.

आता खरी परीक्षा शुभदाची होती. बाळकुमच्या घरासाठी तिने दिवस मोजले होते. एका बाथरूमसाठी सकाळी चौघांची रांग हा तिच्या बावीस वर्षांच्या संसाराचा जाच होता. सकाळपर्यंत ती पूर्णपणे नवऱ्याच्या बाजूची होती. पण तिने सासूकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या पातेल्याकडे पाहिलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, कोपऱ्यातलं प्लास्टिकचं स्टूल उचललं.

"दर मजल्याला टेकायचं, आई. घाई करायची नाही," ती म्हणाली. आणि नवऱ्याला म्हणाली, "गाडी काढ."

सान्वी सामानापाशी थांबली. बाकी तिघं निघाले. माणकोलीचा पूल झाल्यापासून कोपर जवळ आलं होतं, पण कापूरबावडीला गाडी अर्धा तास अडकली. बाळकुमवरून जाताना प्रितमने न राहवून टॉवर दाखवला. बारावा मजला, निळ्या काचेची गॅलरी ती आपली. मंदाकिनीने मान वाकवून पाहिलं आणि छान आहे म्हणाली. मनापासून म्हणाली. पोराचा चेहरा जरा निवळला.

कोपरला पोहोचल्यावर प्रितम म्हणाला, काकीलाच खाली बोलावतो, गाडीत एसी लावून बसा बोलत. मंदाकिनीने नकार दिला. चूक तिची होती, चढायचंही तिनेच. पहिल्या मजल्यावर स्टूल मांडलं, ती बसली, शुभदाने पाणी दिलं. दुसऱ्या मजल्यावर एका बाईने दार उघडून विचारलं, कोणाकडे आलात, आणि उत्तर ऐकून स्वतःच पंखा घेऊन वारा घालायला उभी राहिली. तिसऱ्या मजल्यापर्यंत मंदाकिनीच्या कपाळावर घामाचे थेंब जमले होते आणि प्रितमचा चेहरा पांढराफटक पडला होता. शास्त्र तिने कुणाच्या हातात दिलं नाही.

कांताने दार उघडलं. एका वर्षात केवढी वाळली होती. तिने मंदाकिनीकडे पाहिलं, तिच्या छातीशी धरलेल्या शास्त्राकडे पाहिलं, आणि क्षणभर असं वाटलं की दार लावणार. मग तिची नजर स्टुलावर गेली.

"तुम्ही जिना चढून आलात?" ती म्हणाली. "स्टेंट घातलेत ना तुम्हाला?"

म्हणजे खबर ठेवत होती. मंदाकिनीच्या डोळ्यांत तिथेच पाणी आलं.

आत गेल्यावर कांताने पाणी दिलं, पंखा मोठा केला, आणि लांब खुर्चीत जाऊन बसली. समोर वालाच्या शेंगांचं ताट होतं. ती शेंगा सोलायला लागली, म्हणजे वर बघायला नको. मंदाकिनीने वाटेत शब्द जुळवले होते, ते सगळे ती विसरली. तिने सरळ सांगितलं. हो म्हणाले ते खोटं होतं. नियम वगैरे काही नव्हता. मला भीती वाटली. तुझ्या लेकीची सावली माझ्या लेकरावर पडेल अशी भीती वाटली, कांता, मी विश्वासणारी बाई, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणारी, आणि मला तुझ्या नऊ दिवसांच्या पोरीची भीती वाटली. मग जागा भरून टाकली.

प्रितम दाराशी उभा होता. त्याने शास्त्र घेतलं, पान उघडलं आणि आपलं नाव पाहिलं. ते नाव त्याने लहानपणापासून शंभरदा पाहिलं होतं. तो खाली बसला.

कांताच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मला राग खोट्याचा नाही आला, आक्का," ती म्हणाली. "हे म्हणायचे, कांता, विसर आता. आई म्हणायची, दुसरं होईल. हितेश झाला तेव्हा सगळे म्हणाले, पहिलटकरीण नीट सुटली. पहिलटकरीण. मी कुणाला काही बोलले नाही. मला वाटायचं, असू दे, एका ठिकाणी लिहिलेलं आहे. आक्कांच्या अक्षरात लिहिलेलं आहे. तेवढ्यावर मी शेहेचाळीस वर्षं काढली." तिने शेंग ताटात टाकली. "आणि पान उघडलं तर पोर नाहीच. मला वाटलं, झालीच नव्हती की काय."

मंदाकिनीला वाटलं होतं, आपण क्षमा मागू. आता तिला क्षमा हा शब्दच उच्चारवेना. ती उठली, कांताच्या खुर्चीपाशी गेली आणि जमिनीवर बसली. बहात्तर वर्षांच्या गुडघ्यांनी तक्रार केली. तिने कांताचे शेंगांनी हिरवे झालेले हात आपल्या हातांत घेतले, आणि दोघी जावा रडल्या. शुभदाने तोंड खिडकीकडे वळवलं, कारण तीही रडत होती.

शेवटी प्रितम बोलला. शास्त्र त्याच्या मांडीवर उघडंच होतं.

"काकी, माझ्या नावाच्या वर थोडी जागा आहे. बारीक लिहिलं तर बसेल." तो घुटमळला. "माझ्याहून तीन महिन्यांनी मोठी ना? मग वरच यायला पाहिजे."

कांताने त्याच्याकडे पाहिलं. त्या घरातल्या कुणी इतक्या वर्षांत नयनचं वय मोजलं नव्हतं.

मंदाकिनीने पेन कांतापुढे धरलं. तू लिही, आईचा हक्क आहे, म्हणाली. कांताने मान हलवली.

"नाही. तुम्ही लिहिलंत असं सांगितलं होतंत. तुम्हीच लिहा."

मंदाकिनीने चष्मा पुसला आणि लिहिलं. नयन प्रेम पाटोळे. जन्म, नऊ फेब्रुवारी. अक्षर जराही बिघडलं नाही. बाप्तिस्म्याच्या रकान्याशी येऊन पेन थांबलं. तिथे रीतीप्रमाणे आडवी रेघ मारायची असते.

"रेघ नका मारू," कांता म्हणाली. "कोरा राहू द्या. देव त्याचा तो भरेल."

कांता उठली, तोंड धुऊन आली, आणि मंदाकिनीला हात देऊन उठवताना तिच्या बोटांचा वास आला तशी थबकली. मनुका भिजवल्यात का, विचारलं. उकळल्या का? नाही उकळल्या? दुपारचा एक वाजला, मग पिळणार कधी आणि गाळणार कधी? ती स्वतःशीच कुरकुरत आत गेली आणि साडी बदलून आली. क्षमेचा शब्द तिने काढला नाही. मंदाकिनीनेही विचारला नाही.

वर्तकनगरला पोहोचले तेव्हा ट्रक खाली येऊन उभा होता आणि सान्वी माणसांना चहा देऊन कसंबसं थोपवून होती. प्रितम त्यांच्याशी बोलला, पैसे दिले, सोमवारी या म्हणाला. बाळकुमच्या सेक्रेटरीला फोन करून लिफ्टसाठी गयावया केली. पलंग तर सकाळीच खोलून ठेवले होते, म्हणजे आज सगळ्यांनी गाद्या टाकून जमिनीवर, आणि ऑक्टोबरचा उकाडा. शुभदाला हे सगळं दिसत होतं. तिने बांधलेल्या खोक्यातून मलमल शोधून काढली.

रिकाम्या स्वयंपाकघरात दोघी जावा पातेल्यापाशी बसल्या. कांताने पदर खोचला. साखर किती, यावर पहिलं भांडण झालं; वर्षभर तुम्ही मंडळीला सरबत पाजलंत की काय, असं कांता म्हणाली. मंदाकिनीने मुकाट्याने डबा बाजूला ठेवला.

संध्याकाळी तयारीच्या उपासनेत पाच मिनिटांची शांतता झाली, तेव्हा मंदाकिनीला नवल वाटलं. तपासायला काही उरलं नव्हतं. शेजारी कांता बसली होती, दमलेली, आणि खरंच पेंगत होती.

रविवारी मंडळीचं देऊळ भरलं. भाकर फिरली, तेव्हा मंदाकिनीने तुकडा घेतला आणि हातातच धरून ठेवला. मग पेल्यांचं ताट आलं. बारा महिन्यांची सवय. तिची मान खाली गेली आणि हातांनी ताट आपसूक शेजारी सरकवलं.

ताट पुढे जाईना. तिने वर पाहिलं. कांताने दुसरी कड धरली होती, पण ताट घेत नव्हती. पुढे देतही नव्हती. समोर वेदीकडे बघत नुसती धरून बसली होती, मागच्या बाकावरची माणसं खोळंबली होती, आणि तिला त्याची घाई नव्हती.

मंदाकिनीने पेला उचलला. मग कांताने आपला उचलला, आणि ताट पुढे गेलं.

रस आंबटसर होता. साखर अगदी बेताची पडली होती.